मास्तरांचा डावा डोळा

भिंतीएवढा पडदा घरात बसवणं म्हणजे काही खायचं काम नाही. आधी तेवढी भिंत लागते. मग त्या भिंतीवर जे काही असेल ते जावं लागतं. पुस्तकांचं कपाट असेल तर कपाट जातं, खिडकी असेल तर ती विटांनी बुजवतात, आणि घरातल्या थोरामोठ्यांचे फोटो असतील तर ते जिन्याखाली जाऊन बसतात. मग फिटर येतात, फरशीएवढे चौकोनी तुकडे एकाला एक जोडत दोन दिवस भिंतीशी झटतात, आणि तिसऱ्या दिवशी घरमालक सोफ्यावर ऐसपैस बसून पहिल्यांदा काय बघतो? मध! चमच्यातून बरणीत पडणारा मध. पडद्याबरोबर नमुना म्हणून मिळालेला व्हिडिओ तो. मध, मग पोपटाचं पीस, मग पानावरचा थेंब, मग परत मध. अशीही घरं आहेत जिथं सहा सहा महिने मधाशिवाय दुसरं काही लागलेलं नाही, कारण दुसरं काय बघायचं यावर कुणाचं एकमत होत नाही.

या धंद्यात 'टीव्ही' हा शब्द शिवीसारखा. एखादं गिऱ्हाईक चुकून तसं बोललंच, तर शोरूमचे मालक कानावर हात ठेवत आणि गोड हसून म्हणत, "टीव्ही स्वयंपाकघरात असतो साहेब. हा पडदा आहे." गिऱ्हाईक ओशाळायचं आणि ओशाळलेलं गिऱ्हाईक एक साइझ मोठा पडदा घ्यायचं.

पण मालकांची एक अडचण होती. तोच पडदा गावात आणखी तीन दुकानांत मिळत होता. तेच तुकडे, तेच फिटर, आणि रंग बरोबर आहेत की नाही ते मोजणारं तेच मुठीएवढं मीटर. स्टँडवर ठेवलं की पाच मिनिटांत सगळं जिथल्या तिथं. मग लोकांनी आपल्याकडेच का यावं? मालकांनी डोकं चालवलं आणि मास्तरांना शोधून काढलं.

मास्तर मुळात छापखान्यातले. तीस वर्षं त्यांनी शाई जुळवली. कॅलेंडरावरच्या सफरचंदाचा लाल जरा इकडचा तिकडे झाला की अख्खा गठ्ठा परत छापायला लावत. छापखाना बंद पडला तेव्हा मास्तरांजवळ तीस वर्षांची नजर होती आणि ती कुणाला नको होती. मालकांना हवी होती. त्यांनी मास्तरांना काळा कोट शिवला, हातात पांढरे मोजे घातले आणि शोरूमच्या पुस्तिकेत हनुवटीला बोट लावलेला त्यांचा फोटो छापला. खाली लिहिलं, 'यंत्र मोजतं. मास्तर बघतात.'

मास्तरांचं बघणं हा एक सोहळाच असे. पडदे ओढायचे, घरच्यांना मागं बसवायचं, पाहुण्यांना गप्प करायचं. मग मास्तर खुर्चीत डोळे मिटून दहा मिनिटं बसत. नजर निवळायला म्हणे. मग उठून एक बटण दाबत, "हं" म्हणत, आणखी एक दाबत, पुन्हा "हं" म्हणत, आणि बाजूला होऊन सांगत, "आता बघा." की सगळे एका सुरात "वाऽ!" म्हणणार म्हणून समजा. दुसरं म्हणणार तरी काय बिचारे? खिडकी बुजवून बसलेली माणसं ती.

खरं सांगायचं तर पहिली दोन वर्षं मास्तर काहीच करत नव्हते. मीटरने लावलेले रंग बरोबरच असत. मास्तर रंग एक पायरी वर नेत, एक पायरी खाली आणत, आणि 'वाऽ' घेऊन घरी परतत. लबाडी होती, पण निरुपद्रवी होती. पुढं त्यांना पडद्यात खरोखरच दोष दिसायला लागला. प्रत्येक नवा पडदा पिवळट वाटायचा. मास्तर मुळात कामाचे सच्चे. त्यांनी मनापासून काम सुरू केलं, निळा वाढवत नेला, आणि तिथूनच सगळा घात झाला.

कारण पडदे पिवळे नव्हते. मास्तरांचे डोळे पिकायला लागले होते. कावीळ झालेल्याला जग पिवळं दिसतं म्हणतात, पण तो निदान जगाला निळा रंग फासत हिंडत नाही. मास्तर हिंडले. चार वर्षांत त्रेचाळीस घरं हिंडले, आणि दर वर्षी त्याच घरांत परत जाऊन 'नजर ताजी' करून आले, म्हणजे आणखी थोडा निळा घालून आले. एका घरी नातवाच्या वाढदिवसाचा व्हिडिओ लावला होता. सगळी पोरं गारठून ओठ निळे पडल्यासारखी दिसत होती. पाहुणे म्हणाले, "काय शांत रंग आहेत!" हळूहळू या शांत रंगांचा बोलबाला झाला. इतर दुकानांत जाऊन लोक विचारू लागले, "मास्तरांसारखं करून देता का?"

मास्तरांची चोरी पकडली ती त्यांच्या बायकोने, आणि तीही पायातल्या मोज्यांवरून.

"अहो, एक काळा घातलाय आणि एक निळा."

"रंगातलं तुला काय कळतं?" मास्तर गुरगुरले.

"मला मोज्यातलं कळतं," ती म्हणाली आणि दंडाला धरून त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. डॉक्टर म्हणाले, आधी उजवा करू, दोन आठवड्यांनी डावा. उजव्याची पट्टी निघाली तेव्हा मास्तर आधी पलंगावरच्या चादरीकडे बघतच राहिले. पांढरी! किती वर्षांत असं पांढरं बघितलं नव्हतं त्यांनी. लहान मुलासारखा आनंद झाला. मग त्यांनी उजवा डोळा मिटून डाव्याने बघितलं, तर तीच चादर चहा गाळायच्या फडक्यासारखी. उजवा, डावा. पांढरी, चहाची. असं चार वेळा केल्यावर आनंद कुठल्या कुठं पळाला आणि आपण निळे केलेले पडदे आठवले. मास्तर तसेच उठून शोरूमला गेले.

शोरूममधला मोठा पडदा त्यांनीच लावलेला. त्यावर मध पडत होता. उजव्या डोळ्याने बघितला, तर मध कसला, खोकल्याचं औषध होतं ते. हिरवट, काळपट. त्यासमोर एक नवराबायको हात धरून उभे होते आणि बायको नवऱ्याला म्हणत होती, "आपल्याला हाच हवा."

मास्तर तडक मालकांच्या केबिनमध्ये गेले आणि काही न लपवता सगळं सांगून टाकलं. मालकांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग उठून दार लावलं.

"आणखी कुणाला बोललात?"

"बायकोला."

"वहिनींचं सोडा. मास्तर, झाकली मूठ सव्वा लाखाची. आता त्रेचाळीस घरांत जाऊन काय सांगणार, साहेब, चार वर्षं तुम्ही निळं बघत होतात? ते आपल्याला सोडा, स्वतःला तोंड दाखवू शकणार नाहीत. दुसरा डोळा कधी आहे?"

"बुधवारी."

"पुढं ढकला."

"अहो, पण मला त्या डोळ्याने नीट दिसत नाही!"

"लोकांना तोच डोळा हवाय," मालक म्हणाले. त्यांनी पुस्तिका उघडून मास्तरांच्या फोटोतल्या डाव्या डोळ्यावर बोट ठेवलं. "उजवा तुमचा. हा आमचा. कामावर डावा वापरा, घरी उजवा. कसं?"

आता इथं मास्तरांनी ताडकन उठून हातातले पांढरे मोजे टेबलावर फेकले असते, तर ही गोष्ट इथंच संपली असती आणि आपण सगळे मोकळे झालो असतो. पण तसं झालं नाही. त्या फोटोवर मास्तरांचा जीव होता. छापखान्यात तीस वर्षं राबून त्यांचं नाव कुठं बारीक अक्षरातसुद्धा छापलं गेलं नव्हतं. इथं लोक त्यांच्या "हं"वर श्वास रोखून बसत. त्यांनी बाहेर येऊन दवाखान्यात फोन केला आणि बुधवार रद्द करून टाकला. बायको एवढंच म्हणाली, "आंधळं होण्याची नोकरी पहिल्यांदाच बघतेय."

मास्तर उजवा डोळा मिटून काम करायला शिकले. लोकांना वाटे, नेम धरतायत.

असं महिनाभर चाललं आणि मग बंगल्यातल्या बाईंच्या मुलाचा फोन आला.

या बाई मास्तरांना चांगल्या आठवत होत्या, जरी आठवायची इच्छा नव्हती तरी. तीन वर्षांपूर्वी मुलाने पडदा घेतला तो 'आईसाठी'. निदान सगळ्यांना तो तसंच सांगत होता. आईला त्यात काय मिळालं, तर कोपऱ्यातली एक डुगडुगणारी जुनी खुर्ची, जिथून पडदा तिरका दिसतो. ती खुर्ची तिच्या नवऱ्याने कधीतरी दुरुस्त केलेली, म्हणून तिने टाकू दिली नव्हती. नवरा आदल्या वर्षीच गेला होता. बाईंनी मुलाकडे एकच गोष्ट मागितली. नवऱ्याचा एक जुना व्हिडिओ होता, तो पडद्यावर लाव म्हणाल्या. दोन मिनिटांचा. अंगणात बसून नवरा त्याच खुर्चीचा पाय ठोकतोय, मधेच मान वर करून हसतो आणि म्हणतो, "बंद कर गं ते."

त्या दिवशी मास्तर "आता बघा" म्हणाले, दहा पाहुण्यांनी "वाऽ" केलं, आणि कोपऱ्यातून आवाज आला, "स्वेटर हा नाही."

पाहुण्यांनी माना वळवल्या.

"हा मळकट हिरवा दिसतोय," बाई म्हणाल्या. "यांचा हळदी रंगाचा होता. मीच विणलाय, मला माहीत नाही का?"

स्वेटर सुनेने कधीच कुणाला देऊन टाकला होता. पण बाई आत गेल्या आणि एका पत्र्याच्या डब्यातून उरलेल्या लोकरीचा गुंडा घेऊन आल्या. पडद्याला लावून दाखवला. गुंडा हळदीसारखा, स्वेटर शेवाळासारखा. आंधळ्यालाही दिसला असता फरक. पण मास्तर आंधळे नव्हते ना, अर्धवट होते. आणि दहा माणसांसमोर त्यांना आजवर कुणी टोकलं नव्हतं. ते बाईंकडे बघून समजूतदारपणे हसले.

"बाई, लोकर दुसरी असेल. माणसाला वाटतं आपल्याला रंग आठवतोय. पण आठवणीचा रंग सगळ्यात आधी उडतो. पडदा खोटं बोलत नाही."

पाहुण्यांना हे वाक्य फार आवडलं. मालकांना तर इतकं आवडलं, की पुढच्या वर्षीच्या पुस्तिकेवर त्यांनी तेच छापलं. बाईंनी गुंड्याकडे बघितलं, पडद्याकडे बघितलं आणि हळूच म्हणाल्या, "असेल. मीच विसरले असेन." त्यानंतर दोन वर्षं मास्तर नजर ताजी करायला गेले तेव्हा त्या काहीच बोलल्या नव्हत्या.

आणि आता तिसऱ्या वर्षी मुलानेच बोलावलं होतं. मास्तर गेले तेव्हा तो दारातच उभा होता, भलताच खूश.

"या मास्तर, या. थोडं काम वाढवलंय तुमचं. बाबांचा तो व्हिडिओ पडद्यावरून काढून टाका आणि सगळं मॅच बघण्यासाठी लावून द्या. आई एक तारखेपासून इथं नसणार."

"कुठं निघाल्यात?"

"विसराळू माणसांसाठी एक निवास आहे. छान आहे हो. प्रत्येकाच्या दारावर नाव लिहिलेलं असतं, म्हणजे दुसऱ्याच्या खोलीत शिरायला नको." मग तो जवळ सरकला आणि त्याने मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवला. "तुमचे उपकार आहेत खरं म्हणजे. तुम्हीच पहिले ओळखलंत."

"काय ओळखलं?"

"आईचं! बाबांच्या स्वेटरचा रंग तिला आठवेना, तुम्हीच नाही का दाखवून दिलंत? तोवर आमच्या ध्यानीमनी नव्हतं. मग आम्ही लक्ष ठेवायला लागलो. तर काय, सहा महिन्यांत चार वेळा चष्मा विसरली!"

"मग गॅसपाशी जाऊ देणं बंद केलं," सून चहा ठेवता ठेवता म्हणाली. "किल्ल्या काढून घेतल्या. कुठं ठेवतील, नेम नाही. आणि आई स्वतःही मान्य करतात हो. काही विचारलं की म्हणतात, मला काय विचारता, मी विसरते."

टीपॉयवर शोरूमची पुस्तिका होती आणि तिच्यावर निवासाचा फॉर्म. मास्तरांनी वाकून बघितलं. 'पहिलं लक्षण कधी व कोणतं' असा रकाना होता. त्यापुढं सुनेच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं, 'तीन वर्षांपूर्वी. पतीच्या स्वेटरचा रंग आठवला नाही. तज्ज्ञांनी लक्षात आणून दिलं.'

तज्ज्ञ म्हणजे मास्तर. छापून यायची हौस होती ना? आलं नाव. त्यांनी चहाला हात लावला नाही.

तेवढ्यात बाई आल्या आणि आपल्या डुगडुगणाऱ्या खुर्चीत बसल्या. वाळल्या होत्या. त्यांनी मास्तरांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"कोटाचं बटण लावलंत वाटतं. मागच्या खेपेला उजव्या बाहीचं नव्हतं."

"बघितलंत?" मुलाने मास्तरांना डोळा मारला. "हे असं, मधेच काहीही."

पण त्या खेपेला बटण खरंच नव्हतं. मागच्या वर्षी बायकोने घरी गेल्यावर लावून दिलं होतं आणि वर चार शब्द ऐकवले होते. मास्तरांना स्वतःला ते आता आठवलं, बाईंनी सांगितल्यावर.

पडदे ओढले. मास्तर नजर निवळायला डोळे मिटून बसले, आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदा त्यांना त्या दहा मिनिटांची खरोखर गरज होती. खिशात फोन होता, फोनमध्ये मालक होते. काम तर सोपं होतं. व्हिडिओ पुसायचा, मॅच लावून द्यायची, 'हं' म्हणायचं आणि निघायचं. बाई कुठं काही बोलत होत्या? त्या तर कबूलच करत होत्या. एक तारीख गेली की ना तो स्वेटर उरणार, ना त्याबद्दल विचारणारं कुणी. कोट तसाच राहणार, फोटो तसाच राहणार.

त्यांनी व्हिडिओ लावला आणि उजवा डोळा उघडला.

अरे देवा! पडद्यावर अठरा फूट रुंदीचा एक बुडालेला माणूस खुर्ची ठोकत होता. गाल शिशासारखे, ओठ जांभळे, अंगात शेवाळी स्वेटर. त्याने मान वर केली आणि तो हसला. तीन वर्षं ही बाई रोज संध्याकाळी इथं बसून या बुडालेल्या माणसाकडे बघत होती, आणि हाच आपला नवरा, आपल्यालाच आठवत नाही, असं स्वतःला समजावत होती. मास्तरांना स्वतःची इतकी लाज वाटली, की मान वर करवेना.

त्यांनी हातातले पांढरे मोजे काढले. डाव्या डोळ्यावर तळहात गच्च दाबून धरला आणि मागं जायला सुरुवात केली. गेल्या वर्षी घातलेला निळा काढला. त्याच्या आदल्या वर्षीचा काढला. अगदी पहिल्या भेटीत घातलेला काढला. पायरी पायरीने, फिटर सोडून गेले होते तिथपर्यंत, मीटरने पहिल्या दिवशी बरोबर लावलेल्या रंगापर्यंत. शेवाळाचा पालापाचोळा झाला, मग मेथीदाणा, मग पिवळा, आणि शेवटच्या पायरीला स्वेटर हळदी झाला. माणसाच्या गालावर रक्त आलं. उन्हात रापलेला, तांबूस, खुशालचेंडू माणूस होता तो.

मागं खुर्ची करकरली. बाई उभ्या राहिल्या होत्या.

"बाई," मास्तर न वळता म्हणाले, "तो लोकरीचा गुंडा आहे अजून?"

"कसला गुंडा?" सून म्हणाली. "आणि असला तरी त्यांना कुठं आठवणारेय कुठं ठेवला ते?"

तिचं बोलणं पुरं व्हायच्या आत बाई आत जाऊन परत आल्यासुद्धा. त्यांनी गुंडा पडद्याला लावला. गुंडा कुठं संपतो आणि स्वेटर कुठं सुरू होतो ते कळेना. त्या तशाच उभ्या राहिल्या, हात उंच धरून, आणि त्यांच्या डोक्यावर नवरा खुर्ची ठोकत राहिला.

"हात्तिच्या!" मुलगा हसला. "म्हणजे सेटिंग बिघडलं होतं होय?"

"सेटिंग नाही," मास्तर म्हणाले. "मला मोतीबिंदू होता. बाई विसरल्या नव्हत्या. मला दिसत नव्हतं."

"अहो, पण तुम्ही तज्ज्ञ..."

"हो ना. फॉर्मवर लिहिलंय खरं."

"मग ते चष्म्याचं काय?" सून हट्टाला पेटली. "चार वेळा विसरल्या त्या!"

"सहा महिन्यांत चार वेळा ना? मी दिवसातून चार वेळा विसरतो. माझ्या बायकोने अजून फॉर्म आणलेला नाही."

पडद्यावर बाप मान वर करून हसला आणि म्हणाला, "बंद कर गं ते." पण कुणी बंद केलं नाही. व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला आणि बाईंनी तो पुन्हा पूर्ण बघितला, गुंडा छातीशी धरून. मग त्या सुनेकडे वळल्या आणि हात पुढं केला.

"किल्ल्या."

सुनेने नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्याला गालिच्यावरची नक्षी एकाएकी फार आवडली होती. तिने ड्रॉवर उघडला आणि जुडगा सासूच्या हातावर ठेवला. बाईंनी टीपॉयवरचा फॉर्म उचलला, त्याची घडी घातली, घडीची आणखी एक घडी घातली, आणि खाली वाकून ती खुर्चीच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली सारली. बसून बघितलं. खुर्ची हलली नाही.

मास्तर समोर जाऊन उभे राहिले. एक हात डोळ्यावर होता तो तसाच होता.

"बाई, माफ करा मला."

"माफ?" बाईंचा आवाज एकदम चढला. "तीन वर्षं, मास्तर! रोज यांच्याकडे बघायचे आणि रोज मनात म्हणायचे, मेलं, नवऱ्याचा रंगसुद्धा ध्यानात राहिला नाही माझ्या, कसली बायको मी! रडायचे मी इथं अंधारात बसून. पोरानं किल्ल्या नेल्या तेव्हा भांडलेसुद्धा नाही. कुठल्या तोंडानं भांडू? तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. माझ्या त्या संध्याकाळी कोण आणून देणार?"

मास्तरांच्या खिशात फोन वाजायला लागला. मालक. मास्तरांनी तो वाजू दिला.

बाईंनी पदराने डोळे पुसले आणि त्यांच्या चेहऱ्याकडे निरखून बघितलं.

"तो डावा अजून का झाकून ठेवलाय?"

"त्याचं व्हायचंय अजून. पुढं ढकललंय."

"का?"

"आमच्या मालकांना तो तसाच हवाय."

बाईंनी टीपॉयवरची पुस्तिका ओढली. चष्मा लावला, तो कुठं आहे ते कुणाला विचारलं नाही. पहिल्याच पानावर हनुवटीला बोट लावलेले मास्तर होते आणि खाली मोठ्या अक्षरात, 'त्रेचाळीस घरांचा विश्वास'. त्यांनी ते पान मास्तरांपुढं धरलं.

"उद्याच करून घ्या," त्या म्हणाल्या. "हे एक घर झालं. अजून बेचाळीस राहिलीत."